गच्चीवर पॅनेल आहेत, पण चालू आहेत का?

शीवच्या किल्ल्याची टेकडी चढून वर गेलं की चारही बाजूंना गच्च्याच गच्च्या दिसतात. जुन्या तीन-चार मजली इमारती, त्यांच्या डोक्यावर पाण्याच्या काळ्या टाक्या, डिशच्या तबकड्या, एका पावसाळ्यापुरते म्हणून घातलेले आणि मग कायमचेच राहिलेले पत्रे. त्यांच्यामधून वर आलेले पुनर्विकासाचे टॉवर. सतराव्या शतकात इंग्रजांनी हा किल्ला बांधला तो मुंबई बेट आणि साष्टी यांच्या सीमेवर नजर ठेवण्यासाठी. शीव हे नावही त्या सीमेचंच. बेटं कधीच एक झाली, पण ती सीमा विजेच्या बिलात अजून शाबूत आहे. ‘बेस्ट’ची वीज इकडे शीवपर्यंत आणि तिकडे माहीमपर्यंत. पुढे चुनाभट्टी-कुर्ल्याकडे गेलं की बिलावरचं नाव बदलतं.

आता या गच्च्यांवर आणखी एक वस्तू दिसू लागली आहे. निळसर-काळ्या काचांच्या रांगा, दक्षिणेकडे तोंड करून, किंचित कललेल्या. ज्या सोसायटीने त्या बसवल्या तिथे पहिल्या महिन्यात मोठा उत्साह असतो. चेअरमन आलेल्या-गेलेल्याला गच्चीवर नेतात, मोबाइलवर आजचे युनिट दाखवतात, कॉमन मीटरचं बिल सूचना-फलकावर लागतं. सहा महिन्यांनी गच्चीवर कुणी फिरकत नाही. आणि घरच्या किंवा सोसायटीच्या सौरयंत्रणेची सगळ्यात मोठी अडचण नेमकी इथेच आहे. ती बंद पडली तरी कुणाला कळत नाही.

पाण्याचा पंप बिघडला तर अर्ध्या तासात दहा घरांतून फोन येतात. लिफ्ट अडकली तर सगळी इमारत जागी होते. सौरयंत्रणेचं तसं नाही. ती थांबली की त्याच क्षणी ‘बेस्ट’ची वीज तिची जागा घेते. जिन्यातला दिवा तसाच जळत राहतो, लिफ्ट तशीच वर-खाली करते. तक्रार करावी असं काही घडतच नाही. महिन्या-दोन महिन्यांनी बिल फुगून येतं, तेव्हा खजिनदार म्हणतात, ‘उन्हाळा आहे, वापर वाढला असेल.’

हे असं का होतं ते समजून घ्यायचं, तर काचेखाली काय चालतं ते आधी पाहावं लागेल.

पॅनेलच्या काचेखाली सिलिकॉनचे कागदासारखे पातळ काप ओळीने बसवलेले असतात. त्यांवर प्रकाश पडला की वीज निर्माण होते. 1954 मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा पहिला कामाचा सौरघट जगाला दाखवला, तेव्हा तो उन्हातल्या ऊर्जेपैकी सुमारे 6 टक्क्यांचीच वीज करू शकत होता. आज बाजारात मिळणारं साधं पॅनेल 20 टक्क्यांच्या पुढे गेलं आहे. एका पॅनेलचा दाब चाळीस-पन्नास व्होल्टांचा. अशी आठ-दहा पॅनेल एकापुढे एक जोडून माळ करतात. काम करणारे लोक तिला ‘स्ट्रिंग’ म्हणतात. माळेच्या टोकाला चारशे-पाचशे व्होल्टांचा डीसी प्रवाह येतो. भिंतीवर टांगलेला इन्व्हर्टर त्याचा एसी करतो आणि इमारतीच्या वायरिंगला देतो.

किलोवॅट आणि युनिट यांची गल्लत जवळजवळ सगळ्यांचीच होते. किलोवॅट म्हणजे नळाची धार, युनिट म्हणजे भरलेली बादली. एक किलोवॅटची यंत्रणा मुंबईत वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला चारेक युनिट देते. म्हणजे पाच किलोवॅटची दिवसाला वीस आणि वर्षाला सात हजारांच्या थोडे वर युनिट. तिला सावली नसलेली साधारण पाचशे चौरस फूट जागा लागते. हा चाराचा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. पुढची सगळी देखभाल त्याच्याच आधाराने करायची आहे.

दुपारी दोन वाजता लिफ्ट उभी असते, पंप बंद असतो, पण ऊन भरात असतं. तेव्हाची जादा वीज मीटरमधून उलट्या दिशेने ‘बेस्ट’च्या तारांत जाते. संध्याकाळी सात वाजता जिन्यातले दिवे लागतात तेव्हा वीज तिथून आत येते. दोन्ही दिशांचा हिशेब ठेवणारा मीटर लावला जातो आणि बिल वजाबाकीचं येतं. याचंच नाव नेट मीटरिंग. महाराष्ट्रात त्याचे नियम राज्य वीज नियामक आयोगाने 2019 मध्ये नव्याने केले. शिल्लक युनिट पुढच्या महिन्यात जमा होत जातात आणि आर्थिक वर्ष संपलं की त्यांचा हिशेब मिटवला जातो. तो पूर्ण दराने होत नाही. म्हणून गच्चीवर जागा आहे तेवढी पॅनेल ठोकण्याऐवजी वर्षाचा वापर पाहून यंत्रणेचं माप ठरवणं शहाणपणाचं.

आणखी एक गैरसमज फार पक्का बसलेला आहे. ‘सोलर आहे, म्हणजे लाइट गेली तरी आपल्याकडे दिवे राहणार.’ राहणार नाहीत. 12 ऑक्टोबर 2020 ची सकाळ मुंबईकरांना आठवत असेल. सोमवार होता. दहाच्या सुमारास जवळजवळ सगळ्या शहराची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. अशा वेळी बाहेर कितीही ऊन असो, बॅटरी नसलेली सौरयंत्रणाही क्षणात बंद होते आणि ती बंद व्हावी अशीच रचना असते. बाहेरची वीज गेली असताना गच्चीवरून तारांत वीज सोडली, तर खाली केबल दुरुस्त करणाऱ्या कामगाराचा जीव जाईल. म्हणून इन्व्हर्टर आधी बाहेरच्या विजेची नाडी पाहतो. ती लागली नाही तर स्वतःही थांबतो. वीज गेल्यावरही दिवे हवे असतील तर बॅटरी आणि वेगळ्या प्रकारचा इन्व्हर्टर घ्यावा लागतो आणि खर्च बराच वाढतो. शीव-माटुंगा-दादरच्या पट्ट्यात वीज क्वचितच जाते. इथे बॅटरीवर पैसे घालण्याची बहुतेक इमारतींना गरज नाही, हे स्पष्टच सांगायला हवं.

आता सावली. मुंबईत सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, एकदा मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस. त्या मधल्या काळात तो डोक्याच्या थोडा उत्तरेला असतो. बाकी सगळं वर्ष दक्षिणेला. डिसेंबरात भर दुपारीही तो क्षितिजापासून साडेसत्तेचाळीस अंशांच्या आसपासच चढतो. या कोनाचा अर्थ शीवच्या माणसाने नीट समजून घ्यावा, कारण त्याच्या शेजारी कधीही टॉवर उभा राहू शकतो. साठ मीटर उंचीचा, म्हणजे साधारण वीस मजली टॉवर इमारतीच्या दक्षिणेला आला तर डिसेंबरच्या दुपारी त्याची सावली पंचावन्न मीटर लांब पडते. तोच टॉवर उत्तरेला आला तर जूनच्या दुपारी त्याची सावली पाच मीटरही होत नाही. म्हणून पॅनेल बसवण्याआधी दक्षिणेच्या भूखंडांकडे बघावं, तिथे पुनर्विकासाच्या काय हालचाली आहेत ते विचारावं. पूर्व-पश्चिमेच्या टॉवरांनी सकाळ-संध्याकाळ जाते, पण वीज मुख्यतः दहा ते तीनच्या उन्हात होते. तेवढं ऊन मोकळं राहिलं पाहिजे.

सावली लहान असली तरी तिचं नुकसान लहान नसतं. माळेतली सगळी पॅनेल एकाच प्रवाहाने बांधलेली असतात. एका घटावर टाकीच्या पाइपची सावली पडली की तो अडून बसतो आणि इतरांनाही अडवतो. यावर उपाय म्हणून पॅनेलमध्ये वळणवाटेसारखे डायोड असतात, बहुतेक तीन. सावलीतला भाग ते वगळून टाकतात. त्यामुळे हातभर सावलीने पॅनेलचा तिसरा हिस्सा बाद होऊ शकतो. केबलवाल्याने नंतर येऊन पॅनेलसमोर डिशचा दांडा उभा केला, नवी टाकी बसली, कुणी पत्र्याची शेड दोन फूट वाढवली, की वीज घटते. गच्चीवर काहीही नवीन उभं करताना सौर पॅनेलवाल्याला आधी विचारायचं, असा नियम सोसायटीने करून टाकावा.

सावलीखालोखाल धूळ. पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पॅनेल फुकट धुऊन देतो. त्या महिन्यांत ऊनच कमी, एप्रिल-मेच्या तुलनेत जुलै-ऑगस्टमधली वीज साधारण निम्म्यावर येते. याला बिघाड समजून घाबरू नये. ऑक्टोबर ते मे हा खरा साफसफाईचा काळ. शीवमध्ये जागोजागी जुन्या इमारती पाडणं आणि नव्या बांधणं सुरू असतं. 1912 चा रेल्वेवरचा पूल ऑगस्ट 2024 मध्ये पाडण्यासाठी बंद झाला, तेव्हापासून वाहतूक वळवलेल्या रस्त्यांवर काय धूळ उडते ते रहिवाशांना सांगायला नको. सिमेंटची ही धूळ पहाटेच्या दवात भिजते, उन्हात वाळते आणि काचेला घट्ट चिकटते.

एखाद्या फेब्रुवारीच्या सकाळी पॅनेलजवळ बसून पाहावं. वरचा भाग नुसता मळकट दिसतो, पण खालच्या कडेला, जिथे काच ॲल्युमिनियमच्या चौकटीला भिडते, तिथे बोटभर रुंदीची मातीची पट्टी साचलेली असते. दव ओघळत खाली येतं, धूळ घेऊन येतं आणि चौकटीच्या काठाला अडतं. ही पट्टी घटांच्या शेवटच्या ओळीवर चढली की ती सावलीच झाली. शेजारी कबुतरांच्या विष्ठेचे पांढरे ठिपके. तेही निरुपद्रवी नसतात. ठिपक्याखालचा घट वीज करेनासा होतो आणि उलट इतरांची वीज खाऊन तापू लागतो. असा तापलेला भाग पुढे करपून तपकिरी होतो. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही. खालची कड आणि विष्ठेचे डाग हाताने काढायचे असतात.

सफाई पहाटे किंवा सूर्य कलल्यावर करावी. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर तिला तडा जाऊ शकतो. मऊ कापड किंवा लांब दांड्याचा स्पंज घ्यावा. साबणाची पूड, तारेची घासणी, ॲसिड नको. पाण्याच्या बाबतीत मुंबईकर नशीबवान आहेत. तलावांचं महापालिकेचं पाणी मऊ असतं. बोअरिंगचं किंवा टँकरचं पाणी अनेकदा जड असतं, ते वाळल्यावर काचेवर क्षाराचा पांढरा थर धरतं आणि काही महिन्यांत तो निघता निघत नाही. प्रत्येक पॅनेलला अर्धी बादली पुरते. पॅनेलवर पाय देऊन उभं राहायचं नाही, एकदाही नाही. वरून काच धडधाकट दिसते, पण आतल्या सिलिकॉनला केसाएवढ्या भेगा पडतात आणि त्यांचा परिणाम वर्षा-दोन वर्षांनी दिसतो. पवईच्या आयआयटीत 2010 मध्ये सौर विजेच्या संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र सुरू झालं. तिथल्या संशोधकांनी देशभर फिरून चालू पॅनेलांची तपासणी केली. उष्ण प्रदेशात पॅनेल लवकर थकतात आणि छपरांवरच्या लहान यंत्रणा मोठ्या प्रकल्पांपेक्षा वाईट अवस्थेत सापडतात, असं त्यांना दिसलं. मोठ्या प्रकल्पावर देखरेखीला माणसं असतात. गच्चीवर बहुधा कुणीच नसतं.

उष्णतेबद्दलही एक गोष्ट. पॅनेलला ऊन हवं असतं, ताप नको असतो. 25 अंशांच्या वर दर अंशाला साधारण एक तृतीयांश टक्का वीज कमी होते. मेच्या दुपारी काच साठ अंशांवर जाते, म्हणजे दहा-बारा टक्के तिथेच गेले. पॅनेलखालून वारा खेळता राहिला तर यातलं थोडं वाचतं. म्हणून पत्र्याला चिकटवून बसवलेल्या पॅनेलांपेक्षा उंच सांगाड्यावरची बरी. मात्र उंच सांगाड्याला वारा जास्त लागतो. 17 मे 2021 ला ‘तौक्ते’ चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा मुंबईत वाऱ्याचे झोत ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे गेले होते. खारी हवा लोखंड खाते. दर वर्षी मे महिन्यात, पावसाआधी, प्रत्येक बोल्ट पाना लावून तपासावा. गंजलेला बोल्ट रंगवून ठेवू नये, बदलावा आणि स्टेनलेस स्टीलचाच घालावा.

जुन्या इमारतीत गच्चीच्या स्लॅबला भोकं पाडू देऊ नयेत. काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यांवर सांगाडा उभा करता येतो, गळतीची भीती राहत नाही. वॉटरप्रूफिंग करायचं असेल तर ते आधी करावं, पॅनेल नंतर. तीस वर्षांपुढच्या इमारतीला संरचनात्मक तपासणी कायद्यानेच बंधनकारक आहे. त्याच अभियंत्याकडून गच्चीला हा भार झेपेल का, ते लिहून घ्यावं. आणि ज्या सोसायटीत विकासकाशी बोलणी पक्की होत आली आहेत, तिने तूर्त सौरयंत्रणेच्या भानगडीत पडू नये. पॅनेल पंचवीस वर्षं चालण्यासाठी बनतात. ती दोन वर्षांत काढून गोदामात टाकण्यात कुणाचंच हित नाही.

पैशांचं गणित शीवसारख्या भागात थोडं वेगळं आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्र सरकारने ‘पीएम सूर्यघर’ योजना आणली. स्वतःचं छप्पर असलेल्या कुटुंबाला पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी 30,000, तिसऱ्याला 18,000, असं जास्तीत जास्त 78,000 रुपयांचं अनुदान मिळतं. साताऱ्याच्या पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी त्याच वर्षी राज्यातलं पहिलं सौरग्राम म्हणून जाहीर झाली. तिथे घर ज्याचं, छप्पर त्याचं. शीवच्या इमारतीत छप्पर एक आणि वाटेकरी वीस-चाळीस. त्यामुळे इथे सरळ वाट म्हणजे कॉमन मीटर. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे, आता विजेच्या गाड्यांचं चार्जिंग. गृहनिर्माण संस्थांना या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान आहे. सर्वसाधारण सभेत ठराव हवा, पॅनेल भारतीय बनावटीच्या घटांची हवीत. याच योजनेत बसवणाऱ्याने पाच वर्षं देखभाल करायची असते. ही गोष्ट अनेक सोसायट्यांना ठाऊकच नसते आणि त्या दुसऱ्याच वर्षी देखभालीचे वेगळे पैसे मोजू लागतात. करार काढून वाचावा. त्यात वर्षातून किती सफाया, तक्रारीनंतर किती दिवसांत माणूस येणार आणि वर्षाला किमान किती युनिट, हे तीन आकडे नसतील तर ते लिहून घ्यावेत.

आणि आता पुन्हा तो न कळणारा बिघाड. तो बहुतेक वेळा अगदी साधा असतो. गच्चीवरच्या पेटीतला एमसीबी पडलेला असतो. ‘बेस्ट’कडून येणारा व्होल्टेज थोडा वर गेला म्हणून इन्व्हर्टर थांबलेला असतो. उंदराने वायर कुरतडलेली असते. पहिल्या पावसात एखाद्या जोडात पाणी शिरतं आणि इन्व्हर्टर ओल्या सकाळी लाल दिवा दाखवतो, दुपारी ऊन पडून जोड वाळला की पुन्हा सुरू होतो. असं रोज अर्धा दिवस जातो आणि ॲपवर मात्र ‘चालू’ दिसतं. कधी यंत्रणा ठीक असते, पण कुणीतरी वायफायचा पासवर्ड बदललेला असतो, म्हणून मोबाइलवर शून्य येतं आणि विनाकारण धावपळ होते. पाच किलोवॅटची यंत्रणा दोन महिने बंद राहिली तर हजार-बाराशे युनिट गेले. त्यांचे पैसे सगळ्यांच्या मेंटेनन्समधून जातात.

दुरुस्ती मात्र जाणकाराचीच. सोसायटीच्या नेहमीच्या इलेक्ट्रिशियनलाही डीसीची सवय असेलच असं नाही. ऊन आहे तोवर पॅनेलला बटण नाही. खालून मेन बंद केलं तरी माळेत चारशे-पाचशे व्होल्ट असतातच. प्रवाह चालू असताना जोड ओढून काढला तर ठिणगीची कमान उठते आणि ती आपोआप विझत नाही. वॉचमनला, सफाई करणाऱ्या मुलाला, गच्चीवर पतंग उडवायला येणाऱ्या पोरांना हे स्वच्छ शब्दांत सांगितलं पाहिजे. पेटीवर मराठीत तशी पाटी लावली पाहिजे.

लक्ष ठेवायला मात्र कुणी इंजिनिअर लागत नाही. सोसायटीत निवृत्त झालेलं एखादं माणूस असतं, ज्याला रोज सकाळी गच्चीवर फेऱ्या मारायच्याच असतात. त्याच्याकडे एक वही द्यावी. दर रविवारी ठरलेल्या वेळी इन्व्हर्टरवरचा एकूण युनिटचा आकडा लिहायचा, मागच्या रविवारचा त्यातून वजा करायचा, सातने भागायचं आणि यंत्रणेच्या किलोवॅटने पुन्हा भागायचं. उत्तर चाराच्या आसपास आलं तर ठीक. एप्रिलमध्ये साडेचार-पाच, जुलैत दोन-अडीच, तेही ठीक. स्वच्छ उन्हाच्या आठवड्यात तीनच्या खाली गेलं तर त्याच दिवशी बसवणाऱ्याला फोन.

आयआयटीच्या संशोधकांनी 2016 मध्ये मुंबईच्या छपरांचा हिशेब मांडला होता. सगळ्या शहराच्या गच्च्यांवर मिळून सुमारे 1,720 मेगावॉटची पॅनेल बसू शकतात, असा तो अंदाज. नव्या इमारतींवर ती बसतीलही. पण ज्या गच्चीवर ती आधीच आहेत, तिथल्या रहिवाशांनी आज दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान एकदा वर जाऊन यावं. इन्व्हर्टरवर हिरवा दिवा आहे का ते पाहावं, पडद्यावरचा आकडा लिहून आणावा आणि येत्या सभेत तो सगळ्यांसमोर वाचून दाखवावा.